जमा करणाऱ्याची सही

नोटा मोजायचं मशीन तिसऱ्यांदा अडखळलं, तेव्हा बँकेच्या काउंटरमागच्या क्रांतीनं हात वर करून मागच्या रांगेला थांबायला सांगितलं.

"चाचा, ह्या पाचशेच्या कुठून आल्या?"

"पिराच्या हायत," सिकंदर म्हणाला. "दर साली येत्यात तशाच. का वो, फाटकी हाय का एखादी?"

क्रांतीनं नोट निळ्या दिव्याखाली धरली, उलटी केली, परत धरली. मग ती बाकीच्यांत न ठेवता डाव्या हाताला, पाण्याच्या बाटलीपलीकडे सरकवली. तिथं आधीच दोन होत्या. सिकंदरला त्या आत्ता दिसल्या.

"ह्या तीन नकली आहेत."

"नीट बगा, बाई."

"नीटच बघितल्या. हळू बोला."

सिकंदरच्या पायाशी नाण्यांचं पोतं होतं. ते कुणी ओढून नेऊ नये म्हणून त्यानं सकाळपासून डावा पाय पोत्याला टेकवून धरला होता. तो पाय आता बधिर झाला होता, पण हलवायचं त्याला सुचलं नाही.

वाघझरीचा सिकंदर मुजावर. वय एकसष्ट. गावच्या फाट्यावर पत्र्याच्या शेडमध्ये जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करून देणारा माणूस. चाळीस वर्षांत त्यानं पंचक्रोशीतल्या किती विहिरींना पाणी परत दिलं, याचा हिशोब कुणी ठेवला नाही, त्यानंही नाही. घराण्याकडे पिराच्या दर्ग्याची मुजावरकी होती म्हणून पिराची दिवाबत्ती त्याच्याकडे, आणि दिवाबत्ती त्याच्याकडे म्हणून दानपेटीची एक किल्लीही त्याच्याकडे.

एकच. पेटीला कुलपं दोन होती. दुसरी किल्ली साळुंख्यांकडे. उरूस झाला की येणाऱ्या शुक्रवारी मुजावरानं आपलं कुलूप काढायचं, साळुंख्यानं आपलं, आणि पेटी जाजमावर पालथी करायची. ही रीत कुणी घातली ते ठाऊक नाही. पण ज्यानं घातली त्याला माणूस कळत होता एवढं नक्की. एकट्यावर विश्वास ठेवून त्याला पापात ढकलायचं नाही आणि एकट्यावर संशय घेऊन त्याला रडवायचं नाही, म्हणून दोन कुलपं.

आणखी एक रीत होती. ती मात्र कुणी घातली ते सगळ्यांना ठाऊक होतं. सिकंदरच्या बापानं एका वर्षी मोजताना साळुंख्यांच्या घरचा एक रुपया दगडावर वाजवून बघितला. खणखणीत होता. पण थोरले साळुंखे जाजमावरून उठले आणि दोन दिवस जेवले नाहीत. तेव्हापासून ठरलं, की पिरासमोर नाणं वाजवायचं नाही आणि नोट उजेडात धरायची नाही. दिलेल्या पैशावर संशय म्हणजे देणाऱ्यावर संशय. वाघझरीत लोक बांधावरून एकमेकांवर कुऱ्हाडी काढतील, पण पिरापुढं नोट उजेडात धरणार नाहीत.

आणि बँकेला नाणी नको असतात. सरकार नाणी पाडतं, बाजार ती हातोहात फिरवतो, आणि बँकेत नेली की 'आज माणूस नाही', 'उद्या या', 'सांगलीला पाठवायची सोय नाही'. म्हणून गावानं तिसरी रीत स्वतःच पाडून घेतली होती. पेटी मोजून झाली की किराणावाला, हॉटेलवाला, पंपवाला तिथंच यायचे, नाणी आणि सुटे पैसे घेऊन जायचे आणि बदल्यात पाचशेच्या नोटा द्यायचे. पिराची मोड गल्ल्यात पडली की बरकत येते म्हणायचे. त्यांना मोड मिळायची, पिराला नोटा.

यंदा सगळ्यात जास्त मोड नेली उदयसिंहानं. हायवेवरच्या पेट्रोल पंपाचा मालक, आणि पेटीची दुसरी किल्ली ज्यांच्याकडे, त्या नाथाजी साळुंख्यांचा मुलगा. चाळीस हजारांची मोड. पाचशेच्या ऐंशी नोटा, रबर लावून.

"मोजून घ्या चाचा," तो हसत म्हणाला होता.

सिकंदरनं मोजल्या. तारेचा गेज, म्हणजे जाडी, तो डोळे मिटून चिमटीत सांगायचा. त्या चिमटीला मधल्या काही नोटा गुळगुळीत लागल्या. लागल्या, हे खरं. त्यानं मान वर करून नाथाजी आप्पांकडे बघितलं. आप्पा खाली मान घालून नाणी पोत्यात ओतत होते. दर्ग्याच्या दारातून ऊन येत होतं, आणि नोट नुसती एकदा वर उचलली असती तरी काम झालं असतं. सिकंदरनं ती उचलली नाही. त्यानं रबर काढलं आणि त्या ऐंशी नोटा पेटीतल्या साठ नोटांत मिसळल्या.

एवढीच त्याची चूक. शिकल्यासवरल्या माणसानं केली नसती. शिकल्यासवरल्या माणसानं आधी तोंडावर नोट फेकली असती.

"चार," क्रांती म्हणाली.

चौथी बाटलीपलीकडे गेली. शंभर नोटांचं बंडल संपलं होतं. शंभर-दोनशेच्या नोटांचे सत्तर हजार त्याआधीच मोजून झाले होते. काउंटरवर पाचशेच्या चाळीस नोटा अजून मोजायच्या होत्या.

क्रांतीनं मशीन बंद केलं. पोरगी कोरेगावकडची, नोकरीला लागून तीन वर्षं झालेली. सिकंदरला ती ओळखत होती, कारण दर वर्षी उरसानंतरच्या सोमवारी हा माणूस आणि एक फेटेवाले आजोबा जोडीनं यायचे आणि तिला मलिदा द्यायचे.

"ते दुसरे आजोबा कुठायत?"

"गुडघं दुखतंय म्हनले. यंदा तूच जा म्हनले."

तिनं केबिनकडे बघितलं. आत मॅनेजर जयराजसाहेब फोनवर होते. ती काचेच्या भोकाजवळ वाकली.

"चाचा, नीट ऐका. एका वेळी चारपर्यंत नकली नोटा निघाल्या तर आम्ही त्यावर शिक्का मारतो, जप्त करतो, तुम्हाला पोच देतो, आणि महिन्याच्या शेवटी पोलिसांना एकत्र यादी जाते. पाच निघाल्या तर लगेच पोलीस ठाणं. गुन्हा. जमा करणाऱ्याच्या नावाची तक्रार. म्हणजे तुमच्या."

"आन् किती निघाल्यात?"

"चार."

"मग?"

"मग ह्या चाळीस परत घेऊन जा. मी स्लिप बदलून देते. उद्या या. उद्याचा व्यवहार वेगळा. उद्या परत चारपर्यंत चालतं."

सिकंदर तिच्याकडे बघत राहिला. पोरीच्या डोळ्यांत लबाडी नव्हती. ती त्याला वाचवत होती. पण कायदा कसा बघा. चार नोटांचा माणूस महिनाअखेरच्या यादीतली ओळ, आणि पाचव्या नोटेला तोच माणूस आरोपी.

"म्हंजे चार-चार करून खपवायच्या?" तो म्हणाला.

"तसं नाही म्हणत मी."

"मला म्हाईत हाय तुमी कसं म्हनताय ते. पन आता मला कळलंय न्हवं? कळल्यावर न्हेऊ कुटं ह्यास्नी?"

अडचण नेमकी हीच होती, आणि ती क्रांतीला कळणार नव्हती. शुक्रवारी संध्याकाळीच दर्ग्याच्या भोंग्यावरून आकडा सांगून झाला होता. एक लाख सेहेचाळीस हजार आठशे सत्तर. आज संध्याकाळी बँकेची पावती कट्ट्यावर मोठ्यानं वाचायची. चार नोटा जप्त झाल्या तर बँकेची पोच दाखवता येईल. वीस हजार कमी जमा झाले तर काय दाखवायचं? 'घरी आणलेत, माझ्या कपाटात आहेत' म्हणून सांगायचं? स्वतःचे घालावेत तर खात्यावर अकरा हजार होते.

आणि गाव पहिलं राहिलं नव्हतं. दोन वर्षांपासून काही पोरं फाट्यावर बसून विचारायला लागली होती, पीर कुणाचा? दोनशे वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं, पिरानंही नाही. मागच्या उरसात कुणीतरी म्हणालं होतं, मुजावराच्या घराला नवा पत्रा कसा काय आला? पत्रा पोरीनं, सुमैरानं घातला होता, साताऱ्याच्या कारखान्यात पॅकिंगला उभी राहून. ते सांगावं लागलं होतं. चार माणसांत, एकेक पत्रा मोजून सांगावं लागलं होतं.

"एक फोन करतो," सिकंदर म्हणाला.

तो खांबाआड गेला. पोतं ओढत नेलं.

"आप्पा, सिकंदर बोलतोय."

"बोल रं. झालं का काम?"

"काम कुटलं होतंय. नोटा नकली निघाल्यात."

पलीकडून टीव्हीचा आवाज येत होता, तो बारीक झाला.

"किती?"

"चार निघाल्यात. आजून चाळीस मोजायच्यात. बाई म्हनत्यात, त्या परत न्हेवा. आप्पा, मी आनतो त्या. तुमी पेटी उगडा, दोगांची कुलपं घालून आत ठिवू रातभर. सकाळच्याला तुमी, मी आन् उदयसिंह, तिघं मिळून हितं येऊ. कुनी दिल्या, कुनाकडनं आल्या, ते सांगू सायबाला. त्येच्या पंपावर बी कुनीतरी खपवल्या असतील, त्येचा काय दोष?"

"उदयसिंहाचं नाव कशाला घेतूस?"

"आप्पा, ऐंशी नोटा त्येनंच दिल्यात. तुमी व्हता की जाजमावर."

"मी नाणी भरत व्हतो. मी काय बघितलं न्हाई."

"बगितलं न्हाई तरी ऐकलं आसंल. 'मोजून घ्या चाचा' म्हनला त्यो."

"सिकंदर," नाथाजी आप्पांचा आवाज एकदम म्हातारा झाला. "त्येचं पंचायत समितीचं चाललंय. तिकिटाचं. ह्या टायमाला पोराच्या नावाला काय लागलं तर घरात राह्यला द्यायचा न्हाई मला त्यो. तू हाईस शाणा. निपटव तिथल्या तिथं."

"कसं निपटवू? तुमी सांगा."

"मला काय कळतंय त्यातलं."

"मग नोटा आनतो. कुलूप तर घालू दोगांचं."

"हिकडं आनू नगंस."

"आप्पा."

"आनू नगंस म्हनलं न्हवं? पेटी तुमची हाय. आमी नुसतं कुलूप घालायला."

फोन ठेवला गेला. सिकंदर फोनकडे बघत उभा राहिला. सव्वीस वर्षं ह्या माणसाबरोबर तो एका जाजमावर बसला होता. नाथाजींच्या विहिरीतली साडेसात हॉर्सपॉवरच्या मोटारीचं वाइंडिंग त्यानं नऊ वेळा भरून दिलं होतं. त्यांची मंडळी गेली तेव्हा तिरडीचा एक खांदा त्याचा होता. हे काही उपकार नव्हेत, गावात असंच असतं. पण ते असतं तोवर माणूस मोजत नाही, आणि मोजायची पाळी येते तेव्हा पलीकडचा फोन ठेवून देतो.

तो परत काउंटरवर आला.

"मोजा," तो म्हणाला.

"चाचा, विचार करा."

"केला. स्लिप बदलू नगा. सगळी मोजा."

क्रांतीनं चाळीस नोटा मशीनला लावल्या. मशीन फरफरलं. दहा, पंधरा, वीस. सिकंदर नोटांकडे बघत नव्हता. क्रांतीच्या मनगटावर निळ्या शाईचा डाग पडला होता, तो बघत होता. एकोणतीसला मशीन थांबलं.

तिनं नोट काढली आणि दिव्याखाली धरली. धरून ठेवली, नको तेवढा वेळ.

"लिवा," सिकंदर म्हणाला.

"चाचा..."

"लिवा, बाई. तुमची नोकरी हाय."

उरलेल्या अकरा नोटा खऱ्या निघाल्या. त्यानंतरचं सगळं आवाज न होता झालं. जयराजसाहेब केबिनमधून आले, पाच नोटा बघितल्या, सिकंदरकडे बघितलं, स्लिपवरचं नाव वाचलं. नाव वाचल्यावर त्यांनी परत सिकंदरकडे बघितलं. हे दुसरं बघणं वेगळं होतं. सिकंदरला ते ओळखीचं होतं, हल्ली कुठंही नाव सांगितलं की ते यायचं.

"कुठल्या दर्ग्याचे म्हणालात पैसे?"

"वाघझरीच्या पिराचं. ट्रस्टचं खातं हाय. बावीस वर्सं हाय."

"बाहेरून कुठून देणगी वगैरे येते का? परगावहून? परदेशातून?"

"ऊसतोडीवाली येत्यात बीडहून. चालंल का?"

साहेबांना ते आवडलं नाही. त्यांनी दारावरच्या जोतिबाला खूण केली. जोतिबा बँकेचा गार्ड, पलटणीतून सुभेदार होऊन आलेला. त्यानं लोखंडी जाळी अर्धी ओढली आणि तिच्यापुढं बंदूक घेऊन उभा राहिला. दोन महिन्यांपूर्वी त्याच्या बोअरची मोटार सिकंदरनंच वर काढली होती. जोतिबा बाहेर रस्त्याकडे बघत उभा राहिला. रांगेतली माणसं एक-एक पाऊल मागं सरकली. एका बाईनं पदराखालची पर्स दुसऱ्या हातात घेतली.

"पोलीस येतील. तुम्ही बसून घ्या," साहेब म्हणाले.

"बसतो की. पन नाणी मोजायची राह्यल्यात."

"काय?"

"सा हजार आठशे सत्तर. पोत्यात हायत. स्लिपवर लिवल्यात."

"आज नाणी घेणार नाही. तुम्हाला परिस्थिती कळतेय का?"

"मला कळती. तुमालाच कळंना. साहेब, मी हितनं गेलो की परत कवा येतोय ते मला म्हाईत न्हाई. पोतं कुनाच्या हवाली करू? माझ्याबरुबर ठाण्यात न्हेऊ, की तुमी घरी न्हेताय?" त्याचा आवाज चढला नाही, पण सगळ्या शाखेला ऐकू गेला. "नोटा खोट्या निघाल्या, मी न्हाई म्हनलो का? मोजा म्हनलो. नाणी तर खोटी न्हाईत? सरकारनंच पाडल्यात न्हवं? मग घ्या. पावती द्या. पावती घेतल्याबगार मी उठत न्हाई. पोलीस उचलून न्हेतील तर न्हेऊ द्यात."

रांगेतून कुणीतरी म्हणालं, "घ्या की वो साहेब. किती लागतोय टाइम."

आधी जोतिबाच हलला. त्यानं बंदूक भिंतीला टेकवली, आला, पोत्याचं तोंड सोडलं आणि सतरंजीसाठी इकडंतिकडं बघितलं. सतरंजी नव्हती. कॅलेंडरच्या जुन्या पानांचा गठ्ठा होता, तो त्यानं फरशीवर पसरला. क्रांती काउंटरमागून बाहेर आली. साहेब बघत राहिले, पण त्यांनी तिला आत बोलावलं नाही.

तिघं फरशीवर बसली. दहाच्या दहा नाण्यांची चळत, पाचाच्या वीस, दोनाच्या पंचवीस, एकाच्या वीस. काही नाण्यांना उदाचा वास होता, काहींना तेलाचा. एका पिशवीत नवसाची नाणी चिंधीत बांधलेली होती. प्रत्येक चिंधी सोडावी लागत होती, आणि सोडताना क्रांती प्रत्येक वेळी थांबत होती.

"हे कशासाठी बांधतात?" तिनं विचारलं.

"पोर व्हावं, म्हस दूध द्यावी, दावा जिंकावा. कोन काय, कोन काय."

"आणि होतं?"

"हुतंय म्हनून तर परत येत्यात. न झालेलं सांगाय कोन येतंय."

जोतिबा गालात हसला आणि लगेच गंभीर झाला. तो सिकंदरकडे न बघता म्हणाला, "कुनी दिल्या ते नाव सांगा, मुजावर. तोंड बंद ठिवू नगा. मी पलटणीत बगितलंय. जो तोंड बंद ठिवतो त्येच्यावरच सगळं येतंय."

"सांगनार हाय."

"कोन हाय?"

"तुमाला नगं. तुमाला पेट्रोल भराय जावं लागतंय."

जोतिबाच्या हातातली चळत कोसळली. त्यानं ती परत पहिल्यापासून लावली.

रहिमतबीचा फोन आला तेव्हा दोनाची नाणी चालली होती.

"हौ," सिकंदर बायकोला म्हणाला. "बँकमेंच हूँ. गर्दी हय लय. तू खा ले... हौ, पावती लेकेच आता."

हा एकच खोटा शब्द त्या दिवशी तो बोलला. तसा तोही अर्धा खराच होता.

सहा हजार आठशे सत्तर. बरोबर भरले. पोत्याच्या तळाशी जुने चार आणे उरले, अकरा नाणी. ते आता चालत नाहीत. कुठल्याशा म्हातारीच्या गाडग्यातले असणार. क्रांतीनं ते त्याच्या तळहातावर ठेवले. मशीननं कागद ओकला, तिनं शिक्का मारला. जमा, एक लाख चव्वेचाळीस हजार तीनशे सत्तर. बाजूला पाच नोटांची वेगळी पोच, आडवा शिक्का मारलेली. दोन्ही सिकंदरनं वाचली. अडीच हजार अधिक एक लाख चव्वेचाळीस तीनशे सत्तर, मनात बेरीज केली. आकडा मिळाला. मग त्यानं स्लिपवर जमा करणाऱ्याच्या जागी सही केली, पूर्ण नाव, सावकाश, जसं दर वर्षी करायचा तसं.

जीप येऊन दहा मिनिटं झाली होती. हवालदार जाळीपाशी तंबाखू मळत उभा होता. घाई नव्हती त्याला.

ठाण्यात त्याला बाकावर बसवलं, मग खुर्चीवर, मग परत बाकावर. फॅक्टरीची शिट्टी झाली, चहा आला, चहात त्याचा कप धरलेला नव्हता. साडेचारला हवालदारानं कागद पुढं ओढले.

"नोटा कुनी दिल्या?"

"उदयसिंह नाथाजी साळुंखे. हायवेवरचा पंप. ऐंशी नोटा, चाळीस हजार, शुक्रवारी दुपारी, दर्ग्यात."

हवालदाराचं पेन 'उ'पाशी थांबलं.

"तुमी बगितलं त्याच नोटा नकली हायत म्हनून?"

"मिसळल्या. पन हाताला लागल्या व्हत्या."

"हाताला लागल्या. आन् उजेडात का धरल्या न्हाईत?"

सिकंदरनं ते सांगायचा प्रयत्न केला. रुपया, दगड, दोन दिवस न जेवलेले थोरले साळुंखे. सांगता सांगता त्याला कळलं, की ह्या खोलीत ते येडपटाचं बोलणं वाटतंय. पलीकडच्या टेबलावरची पोलीस बाई हसू दाबत होती.

"साक्षीदार?"

"नाथाजी आप्पा व्हते."

हवालदारानं फोन लावला. लावून बाहेर गेला. पाच मिनिटांनी आत आला तेव्हा त्याचा आवाज मऊ झाला होता, आणि सिकंदरला भीती वाटली ती तेव्हा. दिवसभरात पहिल्यांदा.

"म्हातारा म्हनतोय, मी त्या दिवशी दर्ग्यात न्हवतोच. गुडघं दुखत व्हतं."

सिकंदरनं हवालदाराच्या हातातल्या फोनकडे बघितलं.

"बगा चाचा, मी तुमचं वंगाळ चिंतत न्हाई. मोठ्या माणसाचं नाव लिवायचं, परत ते सिद्ध करायचं. तुमालाच जड जातंय. म्हनून मी लिवतो, 'उरसाच्या गर्दीत अनोळखी इसमांकडून'. जबाबावर सही करा, नोटीस देतो, घरी जावा. कोर्टाचं बोलावणं आलं तर या. सरळ काम."

"सरळ हाय," सिकंदर म्हणाला. "पन मग उरसाला येनारं सगळंच संशयात आलं की. ऊसतोडीची मानसं, नवस बोलनाऱ्या बायका. त्यांच्या चिंध्या सोडल्या मी सकाळी. आन् ज्येनं दिल्या त्यो एकटाच सुटला."

"तुमाला त्यांचं काय? तुमी सुटताय न्हवं?"

"उदयसिंहाचं नाव लिवा. मी सही करतो."

"मग आज घरी जायचं इसरा."

"बरं."

हवालदारानं खांदे उडवले. दुसरा कागद ओढला. "खिसं रिकामं करा."

मोबाइल, किल्ली, बँकेचे दोन कागद, रुमाल, एकशे चाळीस रुपये. शेवटी अकरा चार आणे.

"हे काय?"

"चार आणे. ते माजे न्हाईत. पिराचे लिवा."

"आरोपीच्या अंगावर मिळालं ते आरोपीचं. पिराला रकाना न्हाई हितं."

"मग नगा लिवू."

हवालदारानं लिहिलं नाही. 'अनोळखी इसमां'च्या जबाबाचा कागद टेबलावर तसाच पडला होता. वरपासून खालपर्यंत भरलेला, खाली सहीची जागा तेवढी कोरी. पंख्याच्या वाऱ्यानं त्याचं टोक सारखं उचलत होतं. हवालदारानं पेपरवेट शोधलं, सापडलं नाही. मग त्यानं ते अकरा चार आणे एकावर एक रचले, कोऱ्या जागेवर ठेवले, टोपी घेतली आणि चहाला निघून गेला.